निवेदकाची जागा आणि दुसरा खर्डा : कादंबरी लिहू इच्छिणाऱ्यांसाठी काही विचार

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी आणि आसपासच्या महाविद्यालयांतील तरुण प्राध्यापक आपापल्या कादंबऱ्यांची हस्तलिखिते विभागात वाचावयास आणून देतात. हस्तलिखित हा शब्द आता केवळ सवयीने वापरावयाचा. प्रत्यक्षात ती संगणकावर अक्षरजुळणी करून स्पायरल बांधणी केलेली, दोनअडीचशे पानांची प्रत असते. अशा प्रती वाचताना प्रस्तुत लेखकाला वारंवार एक चमत्कारिक प्रत्यय आला आहे. आपण कादंबरी वाचीत नसून आपल्याच मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेल्या एखाद्या प्रबंधाची अनुक्रमणिका कथारूपाने वाचीत आहोत, असे वाटू लागते. पहिल्या प्रकरणात गावाची वेस, मारुतीचे देऊळ, नदी आणि वस्त्यांची मांडणी, दुसऱ्यात पाटील, सरपंच, मास्तर यांची एकेक करून ओळख, तिसऱ्यात पोळा, जत्रा, लग्न, त्यानंतर संघर्ष, आणि अखेरीस दुष्काळ, आत्महत्या किंवा मोर्चा. वातावरणनिर्मिती, व्यक्तिचित्रण, लोकजीवनाचे दर्शन, सामाजिक आशय, भाषाशैली ही आपल्या प्रबंधांतील प्रकरणांची शीर्षके. त्यांच्याच क्रमाने कादंबरी उलगडत जाते आणि कोठेच जिवंत होत नाही.

हा दोष त्या मुलामुलींचा म्हणता येणार नाही. पाच वर्षे आपण त्यांना कादंबरी वाचावयास शिकविली ती याच पद्धतीने. कथानक सांगा, पात्रे सांगा, वातावरण सांगा, भाषाविशेष सांगा, या क्रमाने प्रश्नपत्रिका निघतात आणि याच क्रमाने उत्तरे तपासली जातात. समीक्षकाच्या दृष्टीने हे विभाजन अपरिहार्य असेल. परंतु शिवलेला अंगरखा उसवून बाही, गळा, पाठ असे तुकडे वेगळे ठेवले तर कापड कसे बेतले होते एवढे समजते, शिलाई कोठून सुरू झाली हे समजत नाही. उसवण्याचा क्रम हा शिवण्याचा क्रम नव्हे. कादंबरी लिहू इच्छिणाऱ्याला नेमकी हीच दुसरी माहिती हवी असते आणि आपल्या अभ्यासक्रमात तिला स्थान नाही.

लेखन शिकविता येत नाही, प्रतिभा असावी लागते, हा आक्षेप येथे येणारच. गवयाला तालीम लागते आणि कीर्तनकाराला गुरूच्या मागे टाळ धरून वर्षे काढावी लागतात, हे आपण निःशंकपणे मान्य करतो. केवळ गद्यलेखकाच्या बाबतीत आपण प्रतिभेचे नाव घेऊन हात झटकतो. प्रतिभा देता येत नाही हे खरेच; परंतु असलेली प्रतिभा कोणत्या चुकांमुळे वाया जाते हे सांगता येते. प्रस्तुत टिपणात अशा दोन गोष्टींविषयी मुख्यतः लिहावयाचे आहे. एक, निवेदक कोठे उभा आहे हे ठरविल्याशिवाय लिहावयास बसणे; आणि दुसरी, पहिल्या खर्ड्यालाच कादंबरी समजणे. बाकीचे दोष बहुधा या दोहोंच्या पोटी जन्मतात, असे माझे मत आहे.

प्रथम निवेदकाचा विचार करू. निवेदक म्हणजे केवळ प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, असा व्याकरणाचा प्रश्न नव्हे. कोण सांगतो आहे, घडून गेल्यावर किती काळाने सांगतो आहे, आणि कोणाला सांगतो आहे, हे तीन प्रश्न त्यात एकवटलेले असतात. त्यांची उत्तरे मिळाली की काय सांगावयाचे आणि काय वगळावयाचे याचा निम्मा निर्णय आपोआप होतो. हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक'मधून क्रमशः लिहिलेल्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीत यमूला बोलते केले, तेव्हा त्यांनी स्वतःची विद्वत्ता, स्वतःचे सुधारकी युक्तिवाद आणि स्वतःचे इंग्रजी वाचन हे सारे दाराबाहेर ठेवण्याची अट स्वतःवर घालून घेतली. ती अट त्यांनी सर्वत्र पाळली असे नाही; परंतु जेथे पाळली तेथे ती कादंबरी शंभर वर्षांनंतरही वाचवते. व्याख्यान देण्याची मुभा असलेल्या निवेदकाला हे साधले नसते.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 ची. माणदेशातील धनगरांच्या वस्तीची ही कथा एखाद्या धनगराच्या तोंडी का नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो योग्य आहे. राजाराम सौंदणीकर हा नवखा, कोवळा मास्तर बाहेरून येतो, म्हणून वाडीतील प्रत्येक रीत त्याला शिकावी लागते आणि त्याच्याबरोबर वाचक शिकतो. गावाचे वर्णन करणारे स्वतंत्र प्रकरण तेथे आवश्यकच ठरत नाही. मास्तर चालत चालत वाडीत शिरतो तेवढ्याने भागते. आता एखाद्या विद्यार्थ्याने आपल्याच गावाची कादंबरी लिहिताना गावातच जन्मलेल्या निवेदकाकडून वेशीपासून देवळापर्यंतचे वर्णन करून घेतले, तर ते खोटे वाटते. कारण उघड आहे. जो रोज त्या वेशीतून जातो त्याला वेस दिसत नाही. ती पडली तरच दिसते.

'कोसला' (1963) विषयी आपल्याकडे इतके लिहिले गेले आहे की, तिचे नाव घेताना संकोच वाटावा. तरीही तरुण लेखकांवर तिचा जो परिणाम झाला तो एका गैरसमजातून झाला आहे, असे मला वाटते. पांडुरंग सांगवीकराचा सूर, ती तिरकस, उडवून लावणारी वाक्ये उचलली गेली. परंतु हा निवेदक पुण्याहून सांगवीला परतलेला, सारे हातचे गेल्यानंतर मागे वळून बोलणारा आहे, ही त्याची जागा उचलली गेली नाही. सांगवीकराला उडवून लावण्याचा हक्क त्याच्या हानीमुळे मिळालेला आहे. मनीचा मृत्यू आणि अजिंठ्याच्या लेण्यांचा भाग ज्याने नीट वाचला त्याला हे वेगळे सांगावे लागू नये. ज्याचे अद्याप काहीच हरवलेले नाही अशा निवेदकाच्या तोंडी तोच सूर घातला की तो केवळ आगाऊपणा होतो. अशा आगाऊ निवेदकांच्या कादंबऱ्या गेल्या काही दशकांत आपण पुष्कळ वाचल्या.

माझ्या दृष्टीने या विषयावरचा सर्वांत उपयुक्त पाठ 1971 या वर्षात आहे. त्या वर्षी आनंद यादव यांची 'गोतावळा' आणि रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' या दोन कादंबऱ्या आल्या. दोन्हींचे निवेदक गावातील सत्तेच्या परिघाबाहेरचे. 'गोतावळा'त मळ्यावर राबणारा नारबा, 'पाचोळा'त गंगाराम शिंप्याची बायको. यंत्र शेतावर येते आणि गुरांचा गोतावळा मोडतो, ही घटना मालकाच्या दृष्टीने प्रगती ठरली असती आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने तीवर निबंध लिहिला असता. नारबाच्या दृष्टीने ते आप्तांचे मरण आहे. घटना तीच असली तरी कादंबरी केवळ नारबाच्या जागेवरूनच होऊ शकते.

बोराडे सरांचा जन्म लातूर जिल्ह्यातील काटगावचा. त्यांनी वैजापूर येथे आणि पुढे याच शहरातील देवगिरी महाविद्यालयात प्राचार्य म्हणून काम केले. 2025 च्या फेब्रुवारीत ते गेले. आपल्या विभागातून बाहेर पडलेल्या अनेकांनी त्यांना ऐकलेले आहे, म्हणून 'पाचोळा'चा उल्लेख किंचित विस्ताराने करतो. आपण ती ग्रामीण कादंबरी, मराठवाडी बोलीची कादंबरी म्हणून शिकवितो. परंतु लिहू इच्छिणाऱ्याने ती वेगळ्या प्रश्नासह वाचावी. हा शिंप्याचा संसार, ही गावातील प्रतिष्ठेची तेढ, हे सारे गंगारामाच्या तोंडी का दिले नाही? गंगाराम बोलता तर त्याने स्वतःचे समर्थन केले असते. मानी माणूस आपल्या मानाविषयी खरे सांगू शकत नाही. लेखक स्वतः बोलता तर गावगाड्यातील बलुतेदारीच्या ऱ्हासाचे विवेचन आले असते. बायको बोलते म्हणून गावचे राजकारण जेवढे घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचते तेवढेच कादंबरीत येते, आणि जे पोहोचते त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. बोली येथे संवादापुरती राहिली नाही, ती निवेदनाचीच भाषा झाली, यालाही हेच कारण आहे. तिच्यापाशी दुसरी भाषाच नव्हती. बोलीचा वापर करावा की नाही, हा प्रश्न बोराड्यांपुढे बहुधा स्वतंत्रपणे उभाच राहिला नसावा. निवेदक ठरला आणि भाषा ठरली.

यावरून एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. आपण लिहिलेली पहिली दहा पाने घ्यावीत आणि तोच प्रसंग कथेतील दुसऱ्या एखाद्या व्यक्तीच्या तोंडून पुन्हा लिहून पाहावा. मालकाऐवजी गड्याच्या, नवऱ्याऐवजी सासूच्या. दहा पानांना दोनतीन दिवस लागतील. दुसरे लेखन पहिल्यासारखेच झाले, केवळ सर्वनामे बदलली, तर निवेदक अद्याप सापडलेला नाही असे समजावे. काही मजकूर दुसऱ्याला सांगताच आला नाही, काही नवीनच सुचले, तर दोहोंपैकी कोणता निवेदक अधिक जाणतो आणि कोणता अधिक लपवितो हे पाहून निवड करावी. अधिक जाणणारा बहुधा टाळावा.

एक उदाहरण देतो. एका विद्यार्थ्याने 1972 च्या दुष्काळावर कादंबरी लिहून आणली. त्याचा जन्म त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी झालेला. प्रारंभी दुष्काळाचे चार पाने वर्णन, तेही वृत्तपत्री: ज्वाळा, आक्रोश, भेगाळलेली धरणी, आभाळाकडे लागलेले डोळे. हे तुला कोणी सांगितले, असे विचारल्यावर आजीने, असे तो म्हणाला. आजी ज्वाळा म्हणाली होती का? नाही. आजीने सांगितले होते ते असे की, लाल मिलोची भाकरी थापताना मोडे. लेकरांसाठी मिळणारी सुकडी ती पदरात बांधून आणी. खडी फोडण्याच्या कामावर मुकादमाने मस्टरवर तिचे नाव चुकीचे लिहिले आणि दोन आठवडे ती दुसऱ्याच बाईच्या नावाने हजर होती. कादंबरी तेथे होती आणि या मुलाने ती गाळून वृत्तपत्र ठेवले होते. त्याला वाटले की हे किरकोळ आहे, 'भीषण' नाही. आपण शिकविलेला 'सामाजिक आशय' त्याच्या आड आला. आजीला निवेदक करून ती पुन्हा लिही, असे त्याला सांगितले. त्याने चाळीस पाने लिहिली आहेत. ती चांगली आहेत असे मी म्हणणार नाही, पण ज्वाळा गेल्या आहेत.

याच हस्तलिखितात पोळ्याच्या रात्री टिपूर चांदणे पडले होते. पोळा अमावास्येला येतो. चूक क्षुल्लक आहे, असे वाटेल; परंतु ज्या वाचकाच्या घरी बैल आहेत तो तेथेच पुस्तक मिटतो, आणि मिटावयासच हवे. कादंबरीतील काळाविषयीची ही बेफिकिरी आपल्या नवोदितांमध्ये फार आहे. म्हणून मी एक जंत्री करण्यास सांगतो. साध्या वहीत उभे रकाने पाडावेत, एकात वर्ष व महिना, एकात प्रत्येक पात्राचे त्या वेळचे वय, एकात शेतात कोणते काम चालू आहे, एकात तिथी वा सण. नायक दहावीत असताना धाकटी बहीण किती वर्षांची, वडील निवृत्त झाले तेव्हा कर्ज फिटले होते का, हे या वहीत दिसते. मी वाचलेल्या एका हस्तलिखितात एका स्त्रीचे गरोदरपण दोन उन्हाळे चालले होते. मार्गदर्शकासकट चौघांनी ते वाचले होते आणि कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. कारण आम्ही सारे आशय वाचीत होतो.

जंत्रीचा दुसरा उपयोग अधिक महत्त्वाचा आहे. मराठवाड्यातील कादंबरीकाराला सार्वजनिक तारखांचा मोठा मोह असतो. 17 सप्टेंबर 1948, 1972 चा दुष्काळ, 1978 ची नामांतराची दंगल, 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप, 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार: या तारखांना खांबांसारखे रोवून त्यांवर कथानकाची दोरी ताणली की कादंबरीला ऐतिहासिक विस्तार आला, असे समजले जाते. प्रत्यक्षात कादंबरीचा काळ या खांबांच्या मध्ये वाहतो. पोलीस कारवाईनंतर कोणाच्या जमिनीवर कोणाचे नाव लागले, खासरा पत्रकात काय नोंदले गेले, जायकवाडीचे पाणी चढले तेव्हा कोणते घर उठून कोठे गेले आणि तेथे त्यांना कोण काय म्हणत असे, यांत तो असतो. जायकवाडीची पायाभरणी 1965 ची आणि लोकार्पण 1976 चे. या दोन तारखांच्या मधली अकरा वर्षे एका घरात कशी गेली, हे ज्याला ठाऊक आहे त्याने त्या तारखा सांगितल्या नाहीत तरी चालेल. तहसील कार्यालयातील जुन्या नोंदी, लग्नपत्रिका, सोसायटीची कर्जवही, शाळेचा दाखला ही कादंबरीकाराची साधने आहेत. संशोधनपद्धतीचा पेपर आपण सर्वांना सक्तीने शिकवितो. तो प्रबंधाबाहेरही उपयोगी पडतो, हे कोणी सांगत नाही.

बोलीविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, ती शब्दांत कमी आणि वाक्याच्या घडणीत अधिक असते. 'कामून', 'लई', 'म्या' हे शब्द पेरून आणि प्रमाण वाक्यरचना तशीच ठेवून जी भाषा होते ती कोणत्याच गावात बोलली जात नाही. उच्चाराप्रमाणे प्रत्येक शब्द मोडून लिहिल्यानेही वाचक केवळ अडखळतो. बोलणारा माणूस कोठे थांबतो, क्रियापद कोठे टाकतो, कोणती गोष्ट सरळ न सांगता म्हणीच्या आडून सांगतो, हे ऐकावे. एकाच गावातील पाटलीणबाई, मुसलमान वाणकसवाल्याची बायको आणि बौद्ध वस्तीतील शिक्षिका एकसारख्या बोलत नाहीत. मराठवाडी बोली म्हणून एकच एक पदार्थ आहे, ही समजूत आपल्या भाषाशैलीच्या प्रकरणांनी जोपासली.

आता थोड्या नाजूक मुद्द्याकडे वळतो. या शहरात अनुभवाच्या अस्सलपणाचा विचार फार गांभीर्याने झाला आहे. मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, 'अस्मितादर्श'च्या पानांवर ज्या वाङ्मयाने आकार घेतला त्याने मराठी साहित्याला विचारलेला प्रश्न असा होता की, हे जगणे तुमच्या पुस्तकांत का नाही. तो प्रश्न विचारणे ऐतिहासिकदृष्ट्या अनिवार्य होते. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (1979), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (1980), लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (1987) या आत्मकथनांनी ते जगणे आणले. परंतु आत्मकथनाला एक आधार असतो, तो लेखकाच्या सहीचा. हे माझ्या बाबतीत घडले, असे सांगणारा माणूस आपल्या नावानिशी उभा असतो, आणि त्या सत्याच्या बळावर रचनेतील त्रुटीही वाचक पत्करतो. कादंबरीला ही सही मिळत नाही. 'हे खरेच घडले आहे, सर', असे विद्यार्थी सांगतो तेव्हा माझी अडचण होते. घडले असेल, पानावर घडलेले नाही. ज्याला आपले जगणे साक्ष म्हणून नोंदवावयाचे आहे त्याने निर्भयपणे आत्मकथन लिहावे, ते कादंबरीपेक्षा हीन नाही. कादंबरी लिहावयाची असेल तर आपल्या अनुभवाला दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याची तयारी हवी, कधी ज्याने आपल्याला छळले त्याच्याही जागेवरून. हे सोपे नाही आणि ते करण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही. परंतु ही तयारी नसताना लिहिलेली कादंबरी पहिल्याच पुस्तकात सारा अनुभव खर्चून बसते. मराठवाड्यातील कित्येक लेखकांची एक कादंबरी आपल्याला माहीत असते, दुसरी नसते. पहिली जगण्यातून निघते. दुसरीला कारागिरी लागते आणि ती कोणी कमावलेली नसते.

येथून दुसऱ्या खर्ड्याकडे यावे लागते. 'कोसला' अवघ्या काही दिवसांत लिहून झाली, ही हकीकत आपल्याकडे इतक्या वेळा सांगितली जाते की, झपाट्याने लिहिणे हेच अस्सलतेचे लक्षण मानले जाऊ लागले. त्या हकीकतीचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. नेमाडे यांची पुढची कादंबरी 'बिढार' 1975 मध्ये आली, म्हणजे बारा वर्षांनी. 'झूल' (1979) आणि 'हिंदू' (2010) यांत एकतीस वर्षांचे अंतर आहे. फ्लोबेर यांना 'मादाम बोवारी'साठी सुमारे पाच वर्षे लागली. एका कादंबरीसाठी पाच वर्षे हा काळ आमच्या विद्यार्थ्याला अविश्वसनीय वाटतो. तो तीन महिन्यांत लिहून चौथ्या महिन्यात प्रकाशक शोधतो.

दुसरा खर्डा म्हणजे शुद्धलेखन तपासणे नव्हे. संगणकामुळे येथे मोठी फसगत झाली आहे. पडद्यावरील मजकुरात चार शब्द इकडेतिकडे केले की काम झाले, असे वाटते. मजकूर सुबक दिसू लागतो आणि सुबक दिसणारे खोडण्यास हात धजावत नाही. हाताने लिहिणाऱ्या पिढीला नवी प्रत काढताना प्रत्येक वाक्य पुन्हा लिहावे लागे, आणि कंटाळवाणे वाक्य पुन्हा लिहिण्याचा कंटाळा येऊन ते आपोआप गळत असे. म्हणून माझा आग्रह असा की, पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर तो कुलपात ठेवावा. किमान सहा महिने. या काळात दुसरे काही वाचावे, 'रणांगण'सारखी लहान कादंबरी तर मुद्दाम वाचावी. बेडेकरांनी 1939 मध्ये एका बोटीवरचा थोडक्या दिवसांचा प्रवास घेऊन त्यात महायुद्धाच्या उंबरठ्यावरचे युरोप कसे बसविले, आणि हॅर्टाची पत्रे कोठे आणली, हे पेन्सिल घेऊन पाहावे. मग जुनी प्रत एकदा मोठ्याने वाचावी, शक्य तर घरातील ज्या माणसाला साहित्याशी काही कर्तव्य नाही त्याच्यासमोर. तो कोठे उठून पाणी प्यावयास जातो हे लक्षात ठेवावे. त्यानंतर जुनी प्रत बाजूस सारून, आठवेल तसे नव्याने लिहावे. जे आठवत नाही ते बहुतेक अनावश्यकच होते. हा उपाय सर्वांना लागू पडेल असा दावा नाही. दोघांनी तो अर्ध्यावर सोडला आणि एकाने माझ्याशी बोलणे सोडले.

पहिले प्रकरण बहुधा संपूर्ण काढून टाकता येते. ते लेखकाने स्वतःला धीर देण्यासाठी लिहिलेले असते.

प्रकाशनाच्या घाईविषयी मात्र केवळ विद्यार्थ्यांना दोष देणे अप्रामाणिकपणाचे होईल. नवलेखकाकडून पैसे घेऊन तीनचारशे प्रती छापणारी व्यवस्था आपल्या अवतीभवती आहे. नोकरीच्या मुलाखतीत, पदोन्नतीच्या अर्जात आयएसबीएन क्रमांक असलेले पुस्तक मोजले जाते. ते किती खर्ड्यांनंतर आले हे विचारले जात नाही. आणि अशा पुस्तकांना प्रस्तावना कोण लिहितो? आम्हीच. 'ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण', 'अस्सल मातीचा गंध' ही वाक्ये मीही लिहिली आहेत, काही वेळा अर्धे पुस्तक वाचून. त्याऐवजी, ही कादंबरी अद्याप झालेली नाही, असे एका ओळीचे पत्र पाठविले असते तर त्या लेखकाचे अधिक भले झाले असते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे; तिचा लाभ नवोदितांनी अवश्य घ्यावा. परंतु अनुदानाची मुदत ही कादंबरीची मुदत होऊ देऊ नये.

विभागाने काय करावे, याविषयी एक प्रस्ताव मांडून थांबतो. पदव्युत्तर स्तरावर लघुप्रबंधाला पर्याय म्हणून सर्जनशील लेखनाचा प्रकल्प ठेवता येण्यासारखा आहे. मात्र त्यात पूर्ण कादंबरी मागू नये. एका वर्षात ती होत नाही आणि मागितली की खोटी येते. एकाच प्रकरणाचे दोन खर्डे, त्यांमध्ये किमान चार महिन्यांचे अंतर, आणि सोबत दहा पानांचे टिपण: निवेदक का बदलला किंवा का बदलला नाही, काय काढले, जंत्रीत कोणत्या चुका सापडल्या, कोणाशी बोलून काय तपासले. परीक्षकाने गुण द्यावेत ते दोन खर्ड्यांमधील अंतराला. ज्याचा पहिला खर्डाच उत्तम असेल अशा विद्यार्थ्यावर यात अन्याय होईल, हा आक्षेप मला मान्य आहे. असा विद्यार्थी आला तर त्याच्यासाठी नियम शिथिल करण्याची तरतूद आरंभीच करून ठेवावी. मूल्यमापनाचे निकष कसे असावेत यावर अभ्यासमंडळात मतभेद होतील. ग्रंथालयात या खर्ड्यांच्या प्रती ठेवाव्यात की नाही, यावरही होतील. माझ्या मते ठेवाव्यात, आणि प्रबंधांच्या शेजारीच ठेवाव्यात.